आमच्या भागातील जुन्या विलायती सायकली : ओळख, दुरुस्ती आणि वापर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

जुन्या वस्तूंचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला, भद्रावतीची विजासन लेणी किंवा वैनगंगेकाठचे मार्कंड्याचे मंदिर उभे राहते. ते योग्यच आहे. परंतु घराच्या पडवीत, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, गंजलेल्या अवस्थेत टेकून ठेवलेली जुनी सायकल हीसुद्धा इतिहासाची एक वस्तू आहे, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. भंगारवाला दारात येतो, किलोच्या भावाने तिचे वजन होते आणि तिच्याबरोबर एका पिढीच्या कष्टांची साक्षही निघून जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत अशा सायकली अजूनही काही घरांतून शिल्लक आहेत. त्या ओळखाव्यात कशा, दुरुस्त कराव्यात कशा आणि चालवताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी गेल्या वर्षभरात जे शिकायला मिळाले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

या अभ्यासाला निमित्त घरचेच घडले. माझे आजोबा तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीमुन्शी म्हणून काम करीत. चौथीपर्यंत शिकलेले असल्यामुळे पुड्यांचा हिशेब त्यांच्याकडे असे. जंगलातल्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जाण्यासाठी त्यांनी १९६६ साली मूल येथे एक जुनी हर्क्युलिस सायकल विकत घेतली. ही सायकल विलायती आहे, इंग्रजाच्या देशातून आलेली आहे, असे ते आम्हां सर्वांना सांगत आले. "कोनाले देजो नोको, माय," असे त्यांनी मला कितीतरी वेळा बजावले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरचे एक संग्राहक गावात आले. त्यांनी सायकल पाहिली आणि ती इंग्लंडची असेल तर पंधरा हजार रुपये देण्याची तयारी दाखवली. आमच्या घराच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. सायकल खरोखर कुठली आहे, हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता हा विषय हाती लागला.

विलायती सायकलीचा उगम

आज आपण जिला सायकल म्हणतो, तिचा घाट इंग्लंडमध्ये पक्का झाला. पुढचे चाक प्रचंड व मागचे अगदी लहान अशी उंच सायकल आधी प्रचारात होती. तिच्यावरून पडणे म्हणजे जिवावरचे दुखणे असे. १८८५ साली कॉव्हेन्ट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर व्यवहारात आणला. समान चाके, साखळी आणि हवेचा टायर या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यातले वाहन होण्याचा मार्ग मोकळा झाला.

पुढे बर्मिंगहॅम, कॉव्हेन्ट्री आणि नॉटिंगहॅम ही सायकलींची मोठी केंद्रे बनली. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी फ्रँक बोडेन यांनी १८८८ च्या सुमारास उभी केली. बी. एस. ए. ही १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी स्थापन केलेली कंपनी होती. म्हणूनच तिच्या खुणेत एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका दिसतात. हर्क्युलिस कंपनी १९१० साली बर्मिंगहॅममध्ये निघाली. स्वस्त आणि टिकाऊ सायकल मोठ्या संख्येने बनविणे हे तिचे वैशिष्ट्य होते. फिलिप्स ही कंपनीही बर्मिंगहॅम भागातलीच. यांशिवाय हंबर, रज-व्हिटवर्थ, सनबीम अशी नावे जाणकारांच्या तोंडी असतात.

आपल्या मराठी मुलखाचा सायकलीशी संबंध फार लवकर आला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात उद्योगाचा आरंभ केला तो सायकलींच्या दुकानाने. नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सारे नंतरचे. महाराष्ट्रातील यंत्र-उद्योगाच्या एका मोठ्या परंपरेचा पहिला धडा सायकलीवर गिरवला गेला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इंग्रजी नाव, देशी कारखाना

येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळांची गफलत येथेच होते. सायकलीवर इंग्रजी कंपनीचे नाव असले म्हणजे ती इंग्लंडहून आलीच असे नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधने आली आणि देशातच कारखाने उभारण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९४९ साली मद्रासच्या मुरुगप्पा समूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स कंपनीच्या सहकार्याने टी. आय. सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन केली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे तिचा कारखाना होता आणि तेथून १९५१ पासून हर्क्युलिस सायकली बाहेर पडू लागल्या. पुढे फिलिप्स आणि बी. एस. ए. ही नावेही तिच्याकडे आली. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले कंपनीने रॅलेच्या सहकार्याने सायकली काढल्या. मुंबईची हिंद सायकल्स तर स्वातंत्र्याच्या आधीची. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० साली एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. सोनिपतची अ‍ॅटलास १९५१ ची आणि लुधियानाची हीरो १९५६ ची. या पूर्णतः देशी कंपन्यांनीही घाट मात्र जुन्या इंग्रजी सायकलीचाच ठेवला.

तिकडे इंग्लंडमध्ये एकेक नाव दुसऱ्यात विलीन होत गेले. हर्क्युलिस १९४६ साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे गेली, बी. एस. ए. चा सायकल विभाग १९५७ साली रॅलेने घेतला आणि १९६० मध्ये खुद्द रॅलेही ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या छत्राखाली आली. नॉटिंगहॅम येथील सायकल-उत्पादन २००२ साली कायमचे थांबले. ज्या घाटाची सायकल तिच्या जन्मभूमीतून नाहीशी झाली, तीच आपल्याकडे दूधवाल्याच्या आणि मोळीवाल्याच्या हाती अद्याप चालू आहे.

ओळख कशी करावी?

सायकलीची ओळख पटविण्यासाठी पाच ठिकाणे पाहावीत.

पहिले ठिकाण म्हणजे हँडलखालच्या नळीवरील बिल्ला. त्यावर कंपनीच्या नावाबरोबर बहुधा गावाचेही नाव असते. तो कधीही खरवडू नये. मऊ कापड आणि थोडे तेल घेऊन हळूहळू मळ काढावा.

दुसरे ठिकाण पायडलजवळचे मोठे दातेरी चक्र. इंग्रजी कंपन्या या चक्राच्या पोकळीतच आपली खूण कोरीत. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी असतात, हंबरच्या चक्रात एकमेकांना जोडलेल्या पाच मनुष्याकृती, रजच्या चक्रात हाताचा पंजा, तर बी. एस. ए. च्या चक्रात तिची अक्षरे. मात्र चक्र सहज बदलता येते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

तिसरे ठिकाण आटे. ही खूण डोळ्यांना दिसत नाही, पण ती सहसा फसवत नाही. बहुतेक इंग्रजी सायकलींच्या मधल्या कटोरीला एका इंचात २४ आटे असतात. रॅलेने मात्र आपल्या कारखान्यात इंचाला २६ आटे ठेवले होते. त्यामुळे बाजारातली साधी कटोरी जुन्या रॅलेला बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर आतले आटे कापले जातात आणि फ्रेम कायमची निकामी होते. जुन्या सायकली नष्ट होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

चौथे ठिकाण मागच्या चाकाचा हब. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असल्यास त्याच्या नळकांड्यावर बहुधा वर्ष आणि महिन्याचे आकडे ठोकलेले असतात. त्यावरून हबचे वय कळते. चाक मूळचेच असेल तर सायकलीचेही कळते.

पाचवे ठिकाण फ्रेमवरील क्रमांक. तो बहुधा सीटखाली किंवा खाली क्रँकजवळ ठोकलेला असतो. रंगाच्या थराखाली तो दडलेला असतो, म्हणून बोटाने चाचपून पाहावा.

आमच्या सायकलीवर मी याच क्रमाने काम सुरू केले. बिल्ला शेणामातीने आणि रंगाने भरून गेला होता. तीन संध्याकाळी कापडाने पुसल्यावर अक्षरे दिसू लागली. नाव हर्क्युलिसचेच होते. खाली गावाचे नाव होते मद्रास.

त्या वेळी माझ्या मनाची जी स्थिती झाली ती लपवण्यात अर्थ नाही. बिल्ला अर्धवट पुसलेला ठेवला असता तर कदाचित कोणाला कळलेही नसते. संग्राहक महाशयांनी इंग्लंडची असेल तर, असे स्पष्ट म्हटले होते. दोन दिवस विचार करून मी त्यांना दूरध्वनीवर खरे ते सांगितले. त्यांनी माझे आभार मानले आणि व्यवहार तेथेच संपला. त्याहून अवघड काम होते आजोबांना सांगण्याचे. साठ वर्षे ज्या गोष्टीचा त्यांनी अभिमान बाळगला ती खरी नाही, हे नातीने कोणत्या तोंडाने सांगावे? पण अभ्यास म्हणून हाती घेतलेल्या गोष्टीत घरच्यांसाठी वेगळा निष्कर्ष काढता येत नाही. मी बिल्ला त्यांना वाचून दाखवला. ते त्या रात्री काही बोलले नाहीत. सकाळी अंगणात दात घासताना त्यांनी विचारले, "मद्रासबी दूरच हाये ना, माय?" मी हो म्हटले.

दुरुस्तीचे काही नियम

जुनी सायकल दुरुस्त करणे आणि जुन्या सायकलीला नवा रंग मारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गावात दुरुस्तीला दिली की बहुतेक कारागीर पॉलिश कागदाने सगळे घासून काळा रंग मारून देतात. सायकल चकचकीत दिसते, पण मडगार्डावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा आणि नळीवरची मूळ अक्षरे कायमची जातात. रंग पुन्हा केव्हाही देता येतो, पण मूळचा रंग एकदा घासला की परत आणता येत नाही. म्हणून जेथे मूळ रंग थोडाफार शिल्लक आहे तेथे तो राहू द्यावा, स्वच्छ करून वर मेणाचा पातळ हात द्यावा आणि गंज तेवढा थांबवावा, हा नियम मी पाळला.

गंजलेले नट उघडण्याची घाई करू नये. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून डिझेल आणि तेल यांचे मिश्रण लावून दोन-तीन दिवस थांबावे. सर्वांत जास्त नासधूस होते ती क्रँकच्या कॉटर पिनेची. नट काढून थेट हातोडा मारला तर पिनेचे तोंड पसरते आणि मग ती कशानेच निघत नाही. नट आट्यांच्या टोकाशी येईल इतकाच सैल करावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्यावा आणि एकच नेमका घाव घालावा. शंभर हलक्या ठोक्यांनी जे होत नाही ते एका नीट घावाने होते, असे आमच्या मिस्त्रींनी मला दाखवून दिले.

आणखी एक गोष्ट नवशिक्याने पाठ करून ठेवावी. डावे पायडल आणि उजव्या बाजूची मधली कटोरी यांचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ती अधिकच घट्ट होतात.

छर्रे नेहमी सगळे नवे टाकावेत. जुन्यात चार नवे मिसळले तर आकारातील सूक्ष्म फरकामुळे सारा भार नव्या छर्‍यांवरच येतो. साधारणपणे मधल्या एक्सलला प्रत्येक बाजूस पाव इंची ११, मागच्या चाकाला पाव इंची ९ आणि पुढच्या चाकाला ३/१६ इंची १० छर्रे लागतात. कोन इतपतच आवळावा की चाक हाताने सोडल्यावर व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप खाली येऊन थांबेल, पण डावी-उजवीकडे हलवल्यास खेळ जाणवणार नाही.

चाकाचा आउट काढणे हे धीराचे काम आहे. या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. मागच्या चाकावर माणसाचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा भार पडतो, म्हणून ही योजना. सायकल उलटी करून फोर्कजवळ खडू धरावा आणि चाक फिरवावे. जेथे खडू लागेल त्या बाजूचे स्पोक पाव फेरा सैल व समोरचे पाव फेरा घट्ट करावेत. एकदम एक फेरा फिरवला तर आउट दुसरीकडे निघतो.

या साऱ्या कामात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. आमच्या सायकलीचा एकही भाग पूर्णपणे एका कंपनीचा नव्हता. फ्रेम मद्रासची, मागची रिम वेगळ्या कंपनीची, कॅरिअर गावच्या लोहाराने घडवलेले, आणि चेनकव्हरचा एक तुकडा पत्र्याच्या तेलाच्या डब्यातून कापलेला. संग्राहकाच्या दृष्टीने हे सारे दोष आहेत. परंतु मला वाटते, आपल्या भागातील सायकलीचा खरा इतिहास या बदललेल्या भागांतच आहे. सुटे भाग मिळत नसताना माणसांनी काय केले, हे त्या डब्याच्या पत्र्यावरून कळते. म्हणून तो तुकडा मी काढला नाही.

जंगलातल्या रस्त्यावर

या सायकली वजनाने जड, अवघ्या वीस किलोंच्या आसपास. शहरातला मनुष्य त्यांना हसेल. पण मुरमाच्या रस्त्यावर त्यांचा गुण कळतो. दोन चाकांतील अंतर मोठे आणि पुढचा फोर्क पुढे वाकलेला असल्यामुळे खड्ड्याचा धक्का हातापर्यंत पोचेस्तोवर बोथट होतो. २८ इंची चाक लहान दगडांवरून सहज निघून जाते. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दाते आहेत. त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे प्रमाण सुखाचे आहे, घाटात मात्र खाली उतरून चालावे लागते आणि त्यात कमीपणा मानू नये.

मोठा दोष ब्रेकचा. हे ब्रेक दांड्यांनी ओढले जातात आणि त्यांचे रबर रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जाते. रिम कोरडी असताना काम भागते, पण पावसाळ्यात ओल्या रिमवर ते घसरते. तेव्हा पावसात उतारावर वेग येऊच देऊ नये आणि ब्रेक अधूनमधून हलका दाबून रिम पुसून घ्यावी. दुसरी काळजी आपल्या भागाची खास. पहाटे व तिन्हीसांजेला जंगलातल्या रस्त्याने एकट्याने सायकलवर जाऊ नये. ताडोब्याभोवतीच्याच नव्हे, तर दोन्ही जिल्ह्यांतील अनेक गावांना वाघाचे भय रोजचे आहे. जुन्या सायकलीच्या हौसेपायी जिवावर बेतू देणे शहाणपणाचे नाही. आजोबांची घंटी फार मोठी का आहे, हे मला लहानपणी कोडे होते. फळीवरून परतताना सारी वाट ते ती वाजवत येत, असे त्यांनी आता सांगितले.

जतन कशासाठी?

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली जुन्या सायकलींचे संग्रहालय सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बी. एस. ए. ची घडीची सायकलही तेथे आहे. एका व्यक्तीच्या चिकाटीतून किती मोठे काम होऊ शकते याचा तो नमुना आहे. आपल्याकडे असे काही नाही. परंतु आपल्या जिल्ह्यांची सायकल-परंपरा कमी महत्त्वाची आहे असे नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून ज्यांचे कार्य उभे राहिले त्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा तरुण-तरुणी सायकलींवरूनच निघाले होते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आपल्या भागातील कितीतरी मुली शाळेला गेल्या. मीही त्यांतलीच एक आहे. ती सायकल मिळाली नसती तर आठवीनंतर माझे शिक्षण चालू राहिले असते की नाही, हे सांगता येत नाही. घरातील पहिली सायकल आजोबांना हिशेबाच्या कामाला घेऊन गेली आणि दुसरी मला शाळेत.

माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात दोन्ही जिल्ह्यांतील गावोगावचे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील जुन्या सायकलींची साधी नोंद केली, म्हणजे बिल्ल्यावरील नाव, फ्रेमचा क्रमांक, कोणी व कधी घेतली, कोणत्या कामाला वापरली एवढेच लिहून आणले, तरी एका वर्षात मोलाची माहिती जमेल. सायकल विकत घेण्याची गरज नाही. ती ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहावी. वनरक्षक, गुरुजी, पोस्टमन, कोळसा खाणीतला कामगार, बल्लारपूरच्या कागद कारखान्यात पाळीला जाणारा मजूर, या साऱ्यांच्या सायकली होत्या. त्यांच्या आठवणी सांगणारी माणसे मात्र आता थोडी उरली आहेत. सायकल गंजत गंजत शंभर वर्षे टिकेल, माणसाचे तसे नाही.

आमची सायकल आता चालू झाली आहे. ती विलायती नाही, म्हणून तिला बाजारात फारशी किंमत नाही. बाजारहाटाला मी ती नेते. आजोबांना आता सायकल चालवता येत नाही. परवा मी बाहेर काढली तेव्हा शेजारचा एक लहान मुलगा विचारीत होता, ही कुठली सायकल आहे? मी सांगण्याआधीच आजोबा ओसरीवरून म्हणाले, "मद्रासची हाये."